अंगठा केसाला पुसा

भांडण कशाचंही असो, कायदेमामा आधी एकच विचारायचे, "नियम काय म्हणतो?" बांधावरून दोघे हातघाईवर आलेले असोत, नाहीतर मानपानावरून वऱ्हाड रुसलेलं असो. सहकारी जिनिंगच्या काट्यावर ते कापूस तोलायचे. चेअरमनच्या मेव्हण्याच्या ओल्या कापसालाही त्यांनी वजनात घट धरली आणि त्यापायी महिनाभर घरी बसले. नगरपालिकेच्या निवडणूक नियमांचं एक फाटकं पुस्तक त्यांनी जिल्ह्याहून आणलं होतं. त्याला पोत्याच्या कापडाचं कव्हर मीच शिवून दिलं. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या घराला लागून होतं.

हे निवडणुकीच्या नियमांचं वेड त्यांना दुष्काळात लागलं. टँकर पेठेपर्यंत यायचा आणि आमच्या बौद्ध वस्तीकडे वळायच्या आत रिकामा व्हायचा. बायका बेंबळी रस्त्यावरच्या विहिरीवर जायच्या. तिथंच मामी घसरून पडल्या. पुढं त्या जन्मभर लंगडत चालल्या, डोक्यावर घागर घेऊनच. दुष्काळ सरल्यावर गावात नळ आले, तेही पेठेच्या कोपऱ्यावर येऊन थांबले. आम्ही मोर्चाची भाषा करत होतो. मामा म्हणाले, "बोंबलून पाणी येत न्हाय. ठराव लागतो, ठरावाला मेंबर लागतो. अन् मेंबर नियमानं व्हता येतंय, कुणाच्या मेहेरबानीनं न्हाय."

निवडणूक मात्र लागेना. एक प्रशासक गेला, दुसरा आला. मामा दरवर्षी मतदारयादी तपासून यायचे. मेलेल्यांच्या नावावर पेठेतले लोक मतं टाकतात म्हणून त्यांनी अर्ज करकरून ती नावं काढायला लावली. पहिलं नाव स्वतःच्या वडलांचं होतं.

अखेर निवडणूक लागली. आमचा वॉर्ड निम्मा वस्तीचा, निम्मा पेठेचा. मामांच्या समोर जुने मेंबर होते, गावातले मोठे आडतदार. त्यांनी जेवणावळी घातल्या. मामांनी शाळा घेतली. रोज संध्याकाळी विहारासमोर बायका ओळीनं बसायच्या. बटाटा कापून केलेला शिक्का आणि माझ्या दुकानातले रद्दी कागद, एवढंच साहित्य. "आधी अंगठा स्थळप्रतीवर, म्हंजी सायबाकडं ऱ्हातो त्या तुकड्यावर. मग अंगठा केसाला पुसा. मगच मतपत्रिका धरा. तिच्यावर ठसा उमटला अन् माणूस वळखू आला, तर मत बाद!" बायका हसत हसत डोक्याला अंगठे घासायच्या. मामींच्या अंगठ्यावर खुरप्याचा जुना तिरपा वण होता. मामा त्यांना चिडवायचे, "तुजा अंगठा तर मामलेदार बी वळखील."

मोजणीला मी मामांच्या शेजारी त्यांचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. सगळे गठ्ठे संपले तेव्हा दोघांची मतं अगदी सारखी निघाली आणि एक मतपत्रिका बाजूला राहिली. शिक्का मामांच्या छत्री या चिन्हावर नीट बसला होता, पण खालच्या कोपऱ्यात शाईचा अंगठा होता. आडतदार म्हणाले, "बाद करा." अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "अंगठा कुणाचा हे ओळखू आलं तरच बाद. नाहीतर हा नुसता डाग. कुणाला ओळखू येतो का?"

मला त्या ठशातली तिरपी पांढरी रेघ दिसली आणि मी टेबलाखालून मामांचा हात दाबला.

मामा म्हणाले, "येतो, सायेब."

"कुणाचा?"

"ते सांगायचं नसतंय. मत गुप्त असतं. पर वळखू येतो."

मत बाद झालं. मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी आडतदारांची निघाली.

त्या दिवशी मला मामांचा राग आला, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही येतो. वाटेत मी म्हणालो, "मामा, तुम्ही नुसतं गप्प बसला असता तर दारात नळ आला असता."

"अन् मग त्यो आडतदार अन् म्या, फरक काय राह्यला असता?"

"पाण्याचा राहिला असता, मामा."

घराजवळ आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "घरात सांगू नगंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मामींच्या हातातून घागर घेतली आणि स्वतः विहिरीची वाट धरली. पेठेतले टवाळ ओरडायचे, "मेंबर पाण्याला निघाले!" मामा खाली बघून चालत. पुढं जिनिंग बुडाली, काटा गंजला. नियमांचं पुस्तक फळीवर धूळ खात पडलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं नाही. पाणी मात्र एक दिवस चुकवलं नाही, अगदी छाती भरून यायला लागली तरी. त्यातच ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर मामी जुन्या लुगड्याच्या धडप्याची चुंबळ वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते बाद झालेलं मत माजंच व्हतं न्हवं?"

मी उंबऱ्यावरच टेकलो.

"म्या त्या दिशी हिरीवरनं तशीच गेले मत द्यायला. घागर भाईर ठिवली, डोईवर चुंबळ तशीच. अंगठा पुसायला केस कुठं घावतेत, बाबा? ते कदी बोलले न्हाईत. पर दुसऱ्या दिशी त्यांनी घागर उचलली, तवाच मला उमगलं."

मी म्हणालो, "मामी, आजचं पाणी मी आणतो."

"आजचं आनशील," त्या म्हणाल्या. मग त्यांनी चुंबळ डोक्यावर ठेवली, कोपऱ्यात पालथी पडलेली मामांची घागर उचलली आणि लंगडत विहिरीकडे निघाल्या.