बेस नाही लागून राहिलं

"बेस नाही लागून राहिलं जी!" जयंती समितीचे अध्यक्ष डोंगरेकाका पहिल्या रांगेतून पुन्हा ओरडले, आणि मी अ‍ॅम्पचा बेसचा नॉब पुन्हा फिरवला.

सौंदडच्या समाजमंदिराच्या टिनाच्या शेडमध्ये आमचं साउंड चेक चालू होतं. संध्याकाळी जयंतीचा भीमगीतांचा कार्यक्रम होता. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मी गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं गिटार. ढोलकीचा ठेका आणि गाणाऱ्याचा सूर यांना खालून बांधून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. चांगलं वाजलं तर कुणाचं लक्ष जात नाही, बिघडलं तर सगळ्या गावाचं जातं.

आमचे मालक रामटेकेभाऊ. मुख्य गायकही तेच. सकाळी गाडीत बसतानाच त्यांनी मला बजावलं होतं, "आज नाही जमलं, तर उद्यापासून कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवंल. गाडीत एक सीट तरी मोकळी होईल."

ही नुसती धमकी नव्हती. कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवता येतो, आणि कितीतरी ऑर्केस्ट्रा पार्ट्यांनी आपले बेसवाले असेच घरी बसवले होते. सराव करून करून माझ्या बोटांना घट्टे पडले होते. घरी टोन, म्हणजे आवाजाचा पोत, अगदी गोड यायचा. स्टेजवर चढलो की त्याच टोनचा धानाच्या रोवणीच्या बांधीसारखा चिखल व्हायचा. का, ते कळत नव्हतं, आणि त्यानेच डोकं फिरायचं.

"काका को और बेस होना," मिक्सरवर बसलेला आमचा साउंडवाला मुन्ना म्हणाला. "इधर से भी देता हूँ."

त्याने दिला. वरची टिनं थरथरायला लागली.

"अबे, मले माझाच सूर ऐकू येऊन नाही राहिला!" रामटेकेभाऊ माइकवरूनच खेकसले. "काऊन इतका घुमवून राहिला गा?"

"काकांनी मागितला, भाऊ."

"मंग दे त्यायले. पण माझा सूर दाबू नको."

"दोन्ही कसं होईल?"

"ते तुले माहीत. बेसवाला तू का मी?"

तेवढ्यात काका उभेच राहिले. "नाही जी, बेस नाही लागून राहिलं!" मुन्नाचा हात पुन्हा नॉबकडे गेला. आता माझं टाळकंच सरकलं. गिटार गळ्यातून काढलं आणि सरळ खाली उतरलो.

"काका, शेड पडायची बाकी आहे. अजून किती बेस पायजे तुम्हाले?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. "बेस कायले पायजे? मी म्हणून राहिलो, बेस नाही लागून राहिलं. चांगलं नाही लागून राहिलं, बाप्पा! नुसतं घूं-घूं होते. गाण्याचा एक शब्द समजत नाही. शब्दच नाही समजले तर लोक कायले येतीन?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे बेस म्हणजे चांगलं, छान. जन्मापासून मी हा शब्द ऐकतोय. पण हातात गिटार आलं आणि माझे कान इंग्रजी झाले. मुन्ना तर हिंदीतला, त्याला काय दोष द्यायचा?

वर जाऊन आधी अ‍ॅम्पचा बेस अर्ध्याच्याही खाली आणला आणि मिड वाढवला. मिड म्हणजे मधला आवाज. सूर कोणता, ते कानाला तिथे कळतं. टिनाच्या शेडमध्ये खालचा आवाज घुमत राहतो, तो आपण अजून घालायचा नसतो. मग उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे अडकवलेल्या असतात तिकडे सरकवला. तिथे आवाज आवळ, घट्ट येतो. डाव्या हाताची बोटं जरा उचलून प्रत्येक सूर वेळेवर बंद करायला लागलो. आणि दर मात्रेला तार बडवणं सोडलं. ढोलकीची थाप पडेल तिथेच वाजवायचं, बाकी गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात जड गेलं.

अंतरा संपला तसे काका खुर्चीत टेकले. "हां! आता बेस हाय!"

मुन्नाचा हात लगेच नॉबकडे गेला. "हाथ मत लगा!" मी स्टेजवरून ओरडलो.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. शेड भरून बाहेरपर्यंत लोक उभे होते आणि बाया गाण्यातले शब्द भाऊंच्या बरोबरीने म्हणत होत्या. शेवटच्या गाण्यानंतर भाऊ घाम पुसत माझ्याजवळ आले.

"आज तू वाजवला नाही का गा? बेस ऐकूच नाही आला."

असा संताप आला, की गिटार तिथेच आपटावं. "वाजवला, भाऊ. सगळ्या गाण्यांत वाजवला."

"असंन. पण आज गायले मजा आली, बाप्पा." ते वळले आणि जाता जाता म्हणाले, "उद्या देवरीले जायचं आहे. टायमावर ये."

बेसवाल्याला शाबासकी मिळत नाही. दुसऱ्या दिवशीचं बोलावणं येतं, तीच शाबासकी समजायची.