उभ्या गाडीचा आवाज

आईवडिलांनंतर मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी आहे असं कोणी विचारलं, तर मी एकच नाव घेतो: मिस्त्री. शेवगावात पाथर्डी रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

गाडी आली की मिस्त्री लगेच बॉनेट उघडत नसत. चालू गाडीच्या बॉनेटवर उजवा तळहात टेकवून उभे राहत आणि मालकाला विचारत, "कवा बंद पडती?" आल्याबरोबर हातात पाना घेणारे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. मिस्त्रींना आधी सगळी हकिगत लागे. थंड असताना, का तापल्यावर? चालताना, का उभ्यावर? एखादा घाईचा मालक म्हणे, "प्लग गेलेत मिस्त्री, बदलून टाका." मग ते हात मागे घेत.

"तुमाला कळलंय तं मला कशाला तरास? ह्यो घ्या पाना."

मालक ओशाळून हसे आणि पहिल्यापासून सांगू लागे.

माझे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नगरच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन आलो, नोकरी लागेना, तेव्हा वर्षभर मिस्त्रींकडे काम केलं. ते मला 'इंजिनेर' म्हणत. त्यात चेष्टा असे. पण गिऱ्हाइकापुढे "हे आमचे इंजिनेर" म्हणत, तेव्हा नसे.

त्या वर्षी एक निवृत्त शिक्षक त्यांची जुनी, कार्बोरेटरची गाडी घेऊन आले. रस्त्याला चांगली पळायची, पण तापल्यावर कुठे थांबली की गचके खाऊन बंद पडायची. सरांना आठवड्यातून दोनदा काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, डायलिसिससाठी नगरला न्यावं लागे. जाता-येता करंजीचा घाट. दुसऱ्याच दिवशी सकाळी काकूंच्या डायलिसिसची वेळ होती आणि मिस्त्री नेमके अकोल्याला लेकीकडे गेलेले.

मी प्लग बदलले. कार्बोरेटर साफ केला. गाडी बंद पडतच राहिली. शेवटी मी रेसचा स्क्रू आवळला. इंजिन उभ्याउभ्या जोरात फिरू लागलं आणि बंद पडायचं थांबलं. सर हरखून म्हणाले, "शाबास! शिकल्याचं चीज झालं."

मिस्त्री रात्रीच्या एसटीने निघून सकाळी परतले. थोड्या वेळाने नगरला निघालेले सर गॅरेजसमोर थांबले. शेजारी काकू बसल्या होत्या, मांडीवर रिपोर्टची पिशवी. मिस्त्रींनी बॉनेटवर हात टेकवला.

"सर, गाडी बंद करा."

"अहो, छान चाललीय की! तुमच्या इंजिनिअरने कालच—"

"छान न्हाई सर. उभ्या गाडीनं पळू न्हाई. ही पळतीय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "रेसचा स्क्रू कुनी फिरवला?"

"आधीपासूनच तसा होता," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले.

सर चिडले. "हिला दहाला मशीनवर घ्यायचंय, मिस्त्री! चालू गाडी बिघडवताय तुम्ही."

"व्हय, बिघडवतोय. बिघडल्याबिगर दिसायचं न्हाई."

त्यांनी ओळखीच्या जीपवाल्याला हाक मारली. काकूंना स्वतः हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं. काकू म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत द्या बरं का. जीपमध्ये पाय फार आखडतात."

जीप गेल्यावर मिस्त्रींनी स्क्रू मागे घेतला. इंजिन तापू दिलं. मग एकेक रबरी नळी चिमटीत दाबायची, थांबायचं, ऐकायचं आणि सोडायची. चौथी नळी जाड होती, इंजिनाकडून ब्रेकला जाणारी. ती दाबली आणि धडपडणारं इंजिन शांत झालं. सोडली, पुन्हा गचके. क्लिप काढली तर खाली नखाएवढी चीर. रबर तापून मऊ झालं की ती चीर उघडायची आणि इंजिन नको ती हवा ओढायचं.

"हितून हवा शिरली की इंजिन उभ्यावर मरतं," मिस्त्री म्हणाले. "आन् ही आनखी फाटली तं ब्रेक दगडावानी लागत्यो, दाबून गाडी आवरत न्हाई. स्क्रू आवळून आवाज झाकंल, चीर न्हाई."

मला करंजीच्या घाटाचा उतार दिसत होता, आणि मांडीवरची ती पिशवी.

नवी नळी त्यांनी मला बसवायला लावली. संध्याकाळी सरांना म्हणाले, "आमच्या इंजिनेरनी बसवलीय." स्क्रूचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही.

पुढे मला पुण्याकडे इंजिन तपासायचीच नोकरी लागली. मिस्त्रींचे कान हळूहळू गेले. "आवाज कळंना तं गाडीला हात लावू न्हाई," असं म्हणून त्यांनी गॅरेज बंद केलं आणि ते अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. गॅरेजच्या जागी आज मोबाईलचं दुकान आहे. गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

"ती. मिस्त्रींना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. काकू सोमवारी वारल्या. घरीच, झोपेत. मी सरांना भेटून आलो. ते म्हणाले, त्या दिवसानंतर इतकी वर्षं आम्ही घाट चढलो-उतरलो, गाडी तिला घेऊन वाटेत कधी बंद पडली नाही, एवढं मिस्त्रींना कळव.

माझंही एक कळवायचं आहे. तो स्क्रू मी फिरवला होता. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. काकू गाडीत बसलेल्या असताना मी खोटं बोललो. परवा सरांना हे सांगितलं. ते उठून आत गेले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. घरात आता चहा तेच करतात.

तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."