हटवार काकांची तीन पाळ्यांची भुतं

लग्नाच्या मांडवात हटवार काका एकदा खुर्चीवर बसले की उठायचे नाहीत. पंगत लागो, नवरदेव येवो, काकू लांबून हातवारे करून थकून जावो, काका आपले बसलेले. मग कुणीतरी जागा शोधत जवळ आलं की त्याला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवायचे, "संभाळ रे बाबा" म्हणायचे आणि निर्धास्त मनानं जेवायला जायचे. भिलाईच्या कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं क्रेन चालवली. तिथला नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय आपली खुर्ची सोडायची नाही. नियम कारखान्याचा, पण काकांनी तो घरी आणला, बँकेत नेला, दुधाच्या रांगेत नेला. "रिलीव्हर आल्याशिवाय कुर्सी सोडाची नाई" हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, आमचं आणि त्यांचं क्वार्टर लागून होतं. मध्ये छातीएवढी भिंत, आणि भिंतीवर कायम काकूचे वाळत घातलेले वडे. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, आम्हीही तिकडचेच. त्यामुळे शाळेत हिंदी बोलून आलेली माझी जीभ त्यांच्या अंगणात आली की आपोआप घरच्या वळणावर यायची. क्रेनच्या केबिनमध्ये माणूस आठ तास जमिनीपासून उंच, एकटा बसलेला असतो. बोलायचं कुणाशी? खालून इशारे येतात आणि त्याप्रमाणे हात हलवायचे. आठ तासांचं ते साठलेलं बोलणं काका घरी येऊन आम्हा मुलांवर ओतायचे, आणि आम्हाला ते हवं असायचं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना काकांनी रविवारच्या बाजारातून एक सीडी आणली. कव्हरवर साखळ्यांनी जखडलेला एक माणूस होता. काकांना वाटलं, क्रेनची फिल्म असेल. घरी येऊन लावली तर निघालं कार्टून, तेही इंग्रजी, आणि साखळीवाला माणूस निघाला भूत. नाताळच्या आदल्या रात्री एका खडूस म्हाताऱ्या शेठला भुतं भेटतात आणि सकाळपर्यंत तो सुधारतो, अशी ती विलायतेतली जुनी गोष्ट. दुसरा कुणी असता तर दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत बसला असता. काकांनी मात्र गल्लीतली सगळी पोरं गोळा केली, खिडकीला घोंगडी लावली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः बोलायला लागले.

तेव्हापासून दरवर्षी चोवीस डिसेंबरला दुपारी चार वाजता काकांकडे भुतांची फिल्म, हा रिवाज पडला. तेलुगू, बंगाली, ओडिया, छत्तीसगढी, सगळ्या घरांतली पोरं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची आणि काका सगळ्या पात्रांचे आवाज आपल्या भंडाऱ्याकडच्या मराठीत काढायचे. एकाही पोरानं कधी "समझ में नहीं आया" म्हटल्याचं मला आठवत नाही. इंग्रजी काकांना येत नव्हतं. लोक तोंड कसं करतात, हात कुठं ठेवतात, यावरून ते संवाद रचायचे. साखळीवालं भूत आलं की फिल्म थांबवून ते साखळीची परीक्षा घ्यायचे. "पाहा पोट्टेहो, ही दहा टनाची साखळी आहे. इची टेस्टिंग झालेली नाई. मरन नाई तं काय होईन?" पुढं तीन भुतं एकामागून एक येतात ती म्हणजे अर्थातच तीन पाळ्या होत्या. एक जातं तेव्हाच दुसरं येतं, यावर काका फार खूश असायचे. "भूत असो का फोरमन, हँडओवर देऊनच जाते. याले म्हन्तेत डिसिप्लिन."

पुढं कळलं की या एकाच गोष्टीची कार्टूनं कितीतरी आहेत. मग काकांना नादच लागला. चिवड्याच्या रिकाम्या डब्यात सीड्या जमा होऊ लागल्या. एकात सगळी पात्रं प्राण्यांची, एकात मातीच्या बाहुल्यांची, एक कॉम्प्युटरवर केलेलं, ज्यात म्हातारा रॉकेटसारखा आभाळात उडतो. काका एकेकाची तपासणी केल्यासारखी परीक्षा करायचे. कॉम्प्युटरवालं त्यांना पसंत नव्हतं. भूत इतक्या घाईत येतं-जातं, की त्याचं बोलणं पुरं करायला वेळच मिळत नाही. "भुताले घाई कावून पायजे? त्याले तं मरून झालं आहे," असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात आवडती होती ती पहिलीच, जुनी, स्वस्तातली. त्यात चित्रं अडखळत हलायची, म्हातारा दार उघडायला हात न्यायचा आणि अर्धं मिनिट तसाच उभा राहायचा. काकांना तेवढ्यात मनासारखं भाषण ठोकता यायचं. आज मी मोठमोठ्या पडद्यावर चकचकीत कार्टूनं बघते आणि मला काकांचं म्हणणं पटतं. भीती वाटायला थोडी फुरसत लागते.

सगळ्या फिल्मांत सुरुवातीला एक प्रसंग असायचाच. म्हातारा टेबलावर मान खाली घालून काम करतोय आणि एक हसऱ्या तोंडाचा जवान पोरगा थंडीतून आत येतो. काकांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, की हा सुट्टी मागायला आलाय. कारखान्यात साहेबाच्या टेबलापुढं हसत येणारा माणूस दुसऱ्या कशासाठी येणार? तो पोरगा हात पसरून बोलायचा आणि काका त्याच्या तोंडी घालायचे, "साहेब, दोन दिसाची छुट्टी द्या जी, सन आहे." म्हातारा पेन आपटायचा: "आदमी कमी आहे, छुट्टी नामंजूर!" सतरंजीवरची सगळी पोरं एका सुरात "नामंजूर!" ओरडायची. शेवटी सुधारलेला म्हातारा त्या पोराच्या घरी जातो, ते छुट्टीचा मंजूर कागद घेऊन. बारा वर्षं आम्ही ही गोष्ट अशीच पाहिली आणि कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या सतरंजीवर कधीच आली नाही. काकांना शेवंता नावाची धाकटी बहीण होती. वडील गेल्यावर काकांनीच तिला वाढवलं, भिलाईला आणलं, शिकवलं. तिनं जवळच्याच कुम्हारी गावच्या एका छत्तीसगढी मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत आणि नंतरही गेले नाहीत. मुलात खोट नव्हती, हे ते स्वतःच कबूल करायचे. "मले विचारलं नाई," एवढंच त्यांचं म्हणणं. काकू म्हणायची, "ह्यायची नौकरी रिटायर झाली, राग नाई होत."

दिवाळीच्या दोन दिवस आधी कुम्हारीहून बोलावणं यायचं. आधी चिठ्ठी यायची. शेवंताआत्याचा मुलगा नरेश मोटरसायकल चालवायला लागला तसा तोच यायला लागला. हसऱ्या चेहऱ्याचा, सरळ मुलगा. अनारशांचा डबा काकूच्या हाती द्यायचा आणि फाटकाशी उभं राहून म्हणायचा, मामा, भाऊबीजेला घरी या. काका वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगायचे की शिफ्ट आहे. रिटायर झाल्यावर तीन वर्षंही ते हेच सांगत होते. शेवटच्या खेपेला मी भिंतीपलीकडून ऐकत होते. नरेश म्हणाला होता, "आई दर साल चंद्राले ओवाळते, मामा. भाऊ असून." ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे आपल्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. काका म्हणाले, "चंद्र बरा. त्याले जेवाले घालावं नाई लागत." नरेश गेला, आणि मला त्या दिवशी काकांचा खरंच राग आला.

त्याच वर्षी डिसेंबरात काकांचा घसा बसला. बोलायला गेले तर नुसती हवा यायची. पोरं तर आठ दिवस आधीपासून विचारत होती. तेवीस तारखेला काका भिंतीशी आले आणि खुणेनं मला म्हणाले की या साली आवाज तू काढ. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेतलेलं. मग काकांनी घशातून कसेबसे शब्द काढत बजावलं, "मी बोलतो तसंच बोलजो. आपल्या मनानं घुसडू नको."

चोवीसला मी टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसले आणि काका पहिल्यांदाच समोर, पोरांच्या मागं, आपल्या खुर्चीत. सिनेमा तोच जुना, अडखळणारा. प्रसंग चुकू नये म्हणून मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद न करता बारीक ठेवला होता, आणि मला तो जवळून ऐकू येत होता. हसरा पोरगा आत आला, हात पसरले, बोलायला लागला. मला छुट्टीचा संवाद पाठ होता. पण कानावर जे पडत होतं ते इतकं साधं होतं की तोंडातून तेच बाहेर आलं. "मामा, उद्या सण आहे. घरी जेवायला या."

पोरं गोंधळली. पुढं बसलेली बंगाल्यांची मिठू म्हणाली, "दीदी, छुट्टी वाला डायलॉग तो बोलो." मला तेव्हा उमगलं की मी काय बोलून बसले. पोरांच्या मागं पाहिलं तर काका पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघत होते. अजूनही सावरता आलं असतं. छुट्टी म्हटलं असतं तर पोरं ओरडली असती आणि फिल्म पुढं गेली असती. मी सावरलं नाही. फाटकाशी उभा राहिलेला नरेश माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

"तो सुट्टी नाई मागून राहिला, काका," मी म्हटलं. "भाचा आहे त्याचा. जेवाले बोलावून राहिला."

काकांच्या घशातून जेमतेम शब्द आले. "दर सालले?"

"हाव. दर सालले."

"आन् हा काय म्हन्ते?"

"काम आहे म्हन्ते."

काकांनी हातानं पुढं चालव अशी खूण केली. खालून क्रेनवाल्याला करतात तशीच. बाकीची फिल्म मी कशी बोलले, मलाच ठाऊक. शेवटी म्हातारा भाच्याच्या दाराशी येऊन उभा राहतो आणि त्या जुन्या फिल्मच्या कृपेनं चांगलं अर्धं मिनिट तसाच राहतो. तिथं मी छुट्टीचा मंजूर कागद आणलाच नाही. चिवडा आणि संत्री घेऊन पोरं पांगली. काका खुर्चीतच होते. मी आईच्या हाकेला ओ देऊन घरी पळाले. आता हे आपल्याशी कधी बोलणार नाहीत, असं वाटून मी त्या संध्याकाळी जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली. "वैशू, तुही स्कूटी कुम्हारीपर्यंत जाते का?"

निघताना त्यांनी डोक्यावर कारखान्याचं जुनं पिवळं हेल्मेट चढवलं. गाडीवर हेल्मेट पाहिजे, नियम आहे, हे त्यांचं म्हणणं. रस्त्यातले ट्रकवाले वळून पाहत होते. मागं बसून काका अख्ख्या वाटेत एकच वाक्य बोलले, ते म्हणजे हळू चालव. मी ताशी तीसच्या वर गेले नव्हते.

शेवंताआत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं आणि हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. काका फाटकाबाहेरच उभे. त्यांनी वाटेत काही ठरवून ठेवलं असेल, पण बाहेर आलं ते एवढंच, "जेवाले आलो."

ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. काका माझ्याकडं पाहायला लागले, परत जायचं का अशा नजरेनं. मग ती आली, हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, सुपारी. नरेश म्हणाला, "आई, दिवाली तो कब की हो गई." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाट मांडला, भावाला बसवलं. काका हेल्मेट काढायला लागले तर म्हणाली, "राहू दे दादा. ओवाळताना डोक्यावर काही पायजेच." त्या पिवळ्या हेल्मेटसकट नाताळच्या भर दुपारी हटवार काकांची भाऊबीज झाली. काका ढसाढसा रडत होते. रडता रडताच त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "शेवे, त्या चंद्रानं लगित सालं ओव्हरटाइम केला. रिलीव्हर आला. सोड त्याले."

त्यानंतर काकांना चार भाऊबीजा मिळाल्या. एकही त्यांनी चुकवली नाही, दोन दिवस आधीच जाऊन बसायचे. पाचव्या दिवाळीच्या आधी, भाद्रपदात, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. उभ्या आयुष्यात रिलीव्हर न येता त्यांनी तेवढी एकच खुर्ची सोडली.

आता मी भिलाईतच, स्मृति नगरला राहते. चोवीस डिसेंबरला चिवड्याचा तोच डबा काढते आणि आवाज मी काढते. पोरांना छुट्टीच लागते, म्हणून आधी छुट्टी आणि मग जेवण, अशी दोन्ही बोलावणी मी त्या पोराच्या तोंडी घालते.

काका गेल्यावरच्या पहिल्या भाऊबीजेला मात्र मी कुम्हारीला होते. दिवस मावळला तशी शेवंताआत्या ताट घेऊन अंगणात आली. द्वितीयेची कोर नखाएवढी, आणि तीही लवकर खाली जाणारी. नरेश तिच्या मागं उभा होता. तिनं पदर सारखा केला, ताट उंच धरलं आणि आभाळाकडं पाहून, लांबच्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "ये बाबा. दादाची ड्यूटी झाली. आता परत तुहीच शिफ्ट लागली."