फिरणारा पंखा, पण बंद

पंखे दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणायची. त्यांचे यजमान शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. तेही कधी चुकून मावशी म्हणून जायचे, आणि मग त्या दिवशी जेवताना त्यांना भाजी स्वतःच वाढून घ्यावी लागायची.

दुकान मागच्या गल्लीत हलवल्यापासून गिऱ्हाईक रोडावलं होतं. सासरी असलेल्या मुलीनं फोनवर सुचवलं, "आई, पंख्याचा व्हिडिओ करून नेटवर टाक ना."

मास्तरांनी हे काम लगेच अंगावर घेतलं. दुकानाच्या दारात, भर उन्हात पंखा टांगला, समोर स्टँडवर फोन लावला. सेटिंग ऑटोवर. "हुशार फोन आहे, त्याचं त्याला कळतं," असं म्हणून त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली.

मावशींनी बटण दाबलं. "बघा मंडळी! महिनाभर मेल्यासारखा पडला होता, आता कसा भन्नाट पळतोय!"

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला.

"व्हिडिओ बघितला हो. तुम्ही अगदी छान दिसताय. फक्त... नेमकी तेव्हाच लाइट गेली होती का?"

मावशींनी व्हिडिओ लावला आणि कपाळाला हात लावला. पाती जागच्या जागी उभी! मध्येच आळस देऊन ती उलटी सरकत होती. खाली मावशींचे केस उडत होते, पदर फडफडत होता, आणि वर पंखा ढिम्म.

"अहो, इतक्या वर्षांची अब्रू घालवलीत!"

"मी काय केलं? शिट्टी वेळेवर वाजवली होती."

मुलीनं फोनवर समजावलं, "बाबा, व्हिडिओ म्हणजे भराभर काढलेले फोटोच. उन्हात ऑटोवर शटर क्षणभरच उघडतं, म्हणून प्रत्येक फोटोत पातं स्वच्छ दिसतं. पुढच्या फोटोपर्यंत त्याच जागी दुसरं पातं येतं. मग पंखा थांबल्यासारखाच वाटणार, आणि ते पातं जरा मागे राहिलं तर उलटा फिरल्यासारखा. ऑटो काढा आणि शटर पन्नासावर ठेवा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहील. पातं पुसट होईल आणि पंखा फिरताना दिसेल."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पन्नास केलं. शटर जास्त वेळ उघडं राहिलं, ऊन भसाभस आत शिरलं, आणि पिठाच्या डब्यात पडल्यासारखा मावशींचा चेहरा पांढराफटक झाला. नाक शोधावं लागत होतं. आयएसओ, म्हणजे फोनची उजेड टिपायची ताकद, अगदी तळाला नेली तरी फरक पडेना.

"आता आत चला," मावशी म्हणाल्या. "उन्हाशी भांडून तुम्ही जिंकणार आहात का?"

आत ट्यूबच्या उजेडात मात्र जमलं. पंखा कसा गोल, धुरकट, जिवंत दिसत होता. मावशींना बोलताना हातवारे करायची सवय. तेही तितकेच धुरकट झाले होते. विहीणबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाहीच.

"पंखा झकास हो! पण तुमच्या हातांना काय झालंय? डॉक्टरांना दाखवा बाई."

मास्तर पहिला व्हिडिओ काढून टाकायला निघाले, तर तो निम्म्या गावानं बघून झाला होता. नव्याकडे मात्र विहीणबाई आणि मुलगी सोडून कुणी फिरकलं नव्हतं.

आठवड्यात एक गृहस्थ काखेत पंखा घेऊन दारात उभे राहिले.

"उलट्या पंख्याच्या मावशी त्या तुम्हीच ना?"

मावशींचा पारा चढला. "तो उलटा नव्हता! फोनच्या शटरमुळे—"

"असू दे हो. मला तसाच करून हवाय. खिडकीत बसवून स्वयंपाकघरातला धूर बाहेर ढकलायचाय."

मावशींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते.

"बसा," मावशी म्हणाल्या आणि पंखा मांडीवर घेतला. "दोन वायरींची अदलाबदल करायचं काम आहे. आणि अहो, तुम्ही आज फोनला हातसुद्धा लावू नका."