कण न सांडणारी पुडी

आमच्या घरमालकांच्या हातून आजवर एक कणही सांडलेला नाही. हे मी भाडेकरूच्या भीतीपोटी लिहीत नाही. साखर, मीठ, खसखस, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक दळलेली सुंठ, यातलं काहीही त्यांच्यापुढे ठेवा आणि वर एखादा जुना कागद द्या. मिनिटभरात त्याची अशी पुडी होईल की ती घेऊन तुम्ही हिनकलपासून हुणसूरपर्यंत बसच्या मागच्या सीटवर उड्या मारत गेलात, तरी उतरताना जितकं होतं तितकंच आत असेल. दोरा नाही, डिंक नाही, पिन तर नाहीच. पुडीला दोरा बांधणारा माणूस त्यांच्या मते आपल्याला काम येत नसल्याचं गावभर सांगत फिरत असतो.

नवऱ्याला हूटगळ्ळीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो आणि हिनकलमध्ये यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. मराठी घरमालक मिळाले म्हणून मी खूश होते. ती मराठी वाक्याच्या सुरुवातीला असते आणि शेवटाकडे कन्नड होत जाते, हे हळूहळू कळलं. पण पहिल्याच दिवशी काकांनी घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली ती पुडीत बांधून, तेव्हा मात्र मी नवऱ्याकडे पाहिलं. पुढे भाडेकराराचा स्टॅम्पपेपरही तसाच आला. सुपारीएवढी घडी, चारही बाजूंनी बंद. गॅसच्या कनेक्शनसाठी तो दाखवायची वेळ आली तेव्हा मी त्याच्यावर इस्त्री फिरवली. तो घेऊन खाली उतरले तर काका दारातच उभे. "अय्यो, इस्त्री कशाला? कागदाला आठवण असते की," ते म्हणाले. आणि खरंच, एजन्सीच्या टेबलावर ठेवताच तो करार सगळ्यांच्या देखत हळूहळू मिटू लागला.

काकांच्या घरात डबे नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांत पुड्या आहेत. बटणं, फ्यूजची तार, टाचण्या, जिरं, मोहरी, कानयंत्राच्या बॅटऱ्या, सगळं पुडीत. आणि एकाही पुडीवर नाव लिहिलेलं नाही. नाव कशाला लागतं? जिऱ्याच्या पुडीचा कान, म्हणजे शेवटी खोचायचं टोक, डावीकडे, मोहरीचा उजवीकडे, धन्याची घडी रुंद. त्यांना अंधारातसुद्धा ओळखू येतात. काकूंना उजेडातही येत नाहीत. लेकीच्या लग्नानंतर व्याही आणि विहीणबाई धारवाडहून पहिल्यांदा आले, त्या दिवशी काकूंनी सारूची, म्हणजे इकडच्या रसमची, पूड समजून त्रिफळ्याची पुडी सोडली. सारू व्याह्यांना फार आवडलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी व्याही मंडळी सगळ्या घराच्या आधी उठली आणि दुपारपर्यंत उठतच राहिली. शेवटी व्याह्यांनी केविलवाण्या आवाजात काकांनाच विचारलं, "तुम्ही मेडिकल लाइनचे. काहीतरी द्या." काकांनी गंभीरपणे एक पुडी हिंग दिला.

हे 'मेडिकल लाइन' प्रकरण जरा नीट सांगायला हवं, कारण मीही त्यात फसले होते. तुम्ही काय करत होता असं कुणी विचारलं की काका खिडकीबाहेर बघत "मेडिकल लाइन" एवढंच म्हणायचे. मी त्यांना निवृत्त डॉक्टर समजून वर्षभर गुडघ्याचं दुखणं सांगत होते. ते शांतपणे ऐकून "वेळ द्या त्याला," म्हणायचे. इतका कमी बोलणारा डॉक्टर मोठाच असणार, अशी माझी खात्री होती. शेवटी एकदा काकूंनी स्वयंपाकघरात मला जवळ ओढून सांगितलं, "कुणाला बोलू नका हं. मार्केटजवळ आयुर्वेदाचं दुकान होतं, तिथं पोट्टण बांधायला होते ते." पोट्टण म्हणजे पुडी. चूर्णाच्या, भस्माच्या, दिवसाला कित्येक शे पुड्या. मग दुकानात पाकिटं बंद करणारं यंत्र आलं आणि काकांना शाल आणि फळांची परडी मिळाली. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, "यांनी जन्मभर पुड्या बांधल्या." हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हशा झाला. त्या दिवसापासून काकांनी तो शब्द टाकून दिला. लेकीचं लग्न ठरवताना मध्यस्थाने परस्पर 'मेडिकल लाइन' सांगून टाकलं, तेव्हा काका हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. व्याही बँकेतले निवृत्त अधिकारी. त्यांना खरं कळलं तर लेकीला खाली बघावं लागेल, हा घोर दोघांनाही होता.

पण हात कुठे ऐकतात? कागद दिसला की काका आधी अंगठ्याने चोळणार, मग कानाशी नेऊन वाजवणार, मग वास घेणार. लग्नाची पत्रिका आली की मुलगा काय करतो हे ते बघत नाहीत. पत्रिका एकदा दुमडून बघतात. "चांगलं घर आहे. घडी पडते पण फुटत नाही," असं म्हणाले की त्या लग्नाला जायचं. चकचकीत पत्रिकेच्या लग्नाला नुसता फोन. वर्तमानपत्रं दोन घेतात, एक वाचायला आणि एक घडीला. वाचायचं कुठलं आणि घडीचं कुठलं यावरून काकूंशी रोज वाद.

गेल्या दसऱ्याला व्याही मंडळी पुन्हा आली. या खेपेला सारू काकूंनी माझ्याकडून वास घेऊन घेऊन करवलं. राजवाड्याच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा पाहुण्यांना न्यावं कुठे? नेमकं त्याच सकाळी वर्तमानपत्रातून एक पत्रक पडलं. गोकुलमच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात छोटंसं संग्रहालय आहे, तिथे कागदाच्या कलेचं प्रदर्शन. काकांनी पत्रक वाचलं नाही. चोळलं, वाजवलं, हुंगलं आणि म्हणाले, "हाताने केलेला कागद! पत्रिकाच अशी, तर लग्न बघायलाच पाहिजे की." मी गाडी काढली. पुढे माझ्या शेजारी व्याही, मागे काकू, विहीणबाई आणि काका दाराला चिकटून.

मी खरं सांगते, कागदात बघण्यासारखं काही असतं असं मला तोवर वाटत नव्हतं. पहिल्याच दालनात छतापासून जमिनीपर्यंत एक झाड टांगलं होतं, एकाच पांढऱ्या कागदातून कापलेलं, पानापानाच्या शिरांसकट. पंखा नव्हता, तरी आमच्या श्वासाने ते हलत होतं. पुढे एका टेबलावर घड्या घालून केलेला डोंगर होता, कुठेही न कापता, न चिकटवता. मी मोबाइल काढायचीही विसरले. काका हात मागे बांधून एकेका वस्तूपुढे थांबत होते आणि पाठीमागे त्यांची बोटं आपोआप घड्या घालत होती. सगळं बघून ते पुन्हा त्या डोंगरापुढे आले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोटात काही नसताना उभा आहे बघा. मी जन्मभर कागदाला नुसता हमाल केला." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

आणि मग ती काचेची पेटी आली. आत कुठल्याशा परदेशातल्या जुन्या पद्धतीच्या औषधाच्या पुड्या, नव्याने घडी घालून मांडलेल्या. काका वाकले. चष्मा कपाळावर, नाक काचेला. संग्रहालयाच्या बाई लगबगीने आल्या. काका त्यांना कन्नडमध्ये म्हणाले, "ही चुकलीय. शेवटचा कान आत जायला हवा, बाहेर राहिलाय. बस मंड्याला पोचायच्या आत औषध सांडून संपलं." बाईंनी पेटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "आपण कलावंत का?" काकांच्या आधी व्याहीच अभिमानाने म्हणाले, "छे, ते मेडिकल लाइनचे!" "म्हणजे डॉक्टर?" बाई म्हणाल्या.

काकूंनी काकांची बाही धरली. मी भिंतीवरची पाटी वाचू लागले. काकांनी त्या चुकलेल्या पुडीकडे एकदा पाहिलं आणि सरळ उभे राहिले. "डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात पोट्टण बांधत होतो. छत्तीस वर्षं," ते बाईंना म्हणाले. मग व्याह्यांकडे वळून तेच मराठीत, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "पुड्या बांधत होतो. दुसरं काय केलं नाही."

कुणीच हसलं नाही. व्याह्यांचा हात आपसूक पोटाकडे गेला. "म्हणजे... त्या दिवशीचा तो हिंग?"

"हिंग खरा होता," काका म्हणाले. "सारू चुकलं होतं."

काकूंनी तोंडाला पदर लावला. व्याही आधी लाल झाले आणि मग इतके मोठ्याने हसले की ते कागदाचं झाड हललं. हसून झाल्यावर म्हणाले, "बांधून दाखवा की मग." काकांनी खिशातलं पत्रक काढलं. खोकल्यासाठी सुंठीची पुडी त्यांच्याजवळ असतेच. सुंठ पत्रकावर ओतली आणि बोटं चालू लागली. इतकी वर्षं त्यांच्या पुड्या वापरून मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. एक घडी दुसरीला जागा देत होती आणि शेवटचा कान कुणी बोट न लावता आत गेल्यासारखा गेला. "टाका," ते व्याह्यांना म्हणाले. "दुकानात मालक भिंतीवर फेकून बघायचे." व्याह्यांनी सगळा जोर लावून पुडी जिन्यावरून खाली भिरकावली आणि स्वतःच धावत जाऊन वाकून फरशी पाहिली. खालून त्यांचा आवाज आला, "कण नाही! अहो, एक कण नाही!" बँकेचा निवृत्त अधिकारी ते ओरडत होता आणि ऊर माझा भरून येत होता, जणू ती पुडी मीच बांधली होती.

बाईंना ती पुडी पेटीत हवी होती. फक्त रिकामी, कारण सुंठीला किडे लागतात आणि मग ते कागद खातात. काका अडून बसले. "त्यांचा कागद रिकामा शोभतो. माझा नाही. रिकामी पुडी मी बांधत नाही." बाई समजावत होत्या, काका मान हलवत होते, आणि मला वाटलं आता सगळं फिसकटणार. तेवढ्यात काकूंनी पर्स उघडली. चामुंडीच्या डोंगरावरून आणलेली विभूती होती, अर्थात काकांच्याच पुडीत. "ही घाला. राखेला किडा लागत नाही," त्या बाईंना म्हणाल्या. आणि मग, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा चारचौघांत म्हणाल्या, "आमच्या यांच्यासारखं पोट्टण कुणाला येत नाही हो म्हैसुरात."

आज ती पुडी तिथे काचेत आहे. बाजूच्या पाटीवर काकांचं नाव आणि खाली 'पुडी बांधणारे' असं कन्नडमध्ये लिहिलं आहे. नाव मी इथे मुद्दाम देत नाही. ज्याला हवं त्याने जाऊन वाचावं. व्याह्यांनी त्या पाटीचा फोटो धारवाडभर पाठवला. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी आमच्या घरमालकांबद्दल सांगते आणि शक्य झालं तर गाडी काढून दाखवूनही आणते.

या संक्रांतीला काका नेहमीप्रमाणे तीळ-खोबरं-गुळाची पुडी घेऊन वर आले. दार उघडलं तर त्यांच्या मागे, लाल पायऱ्यांवर, खालपासून वरपर्यंत पांढऱ्या तिळांची बारीक रेघ. हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. काकूंनी मला सांगितलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं. त्यांनी पुडी माझ्या हातावर ठेवली आणि हात मागे घेतला नाही. "गळली नाही ना?"

"एक कणही नाही, काका," मी म्हणाले. त्यांना कॉफीला बसवलं आणि नवऱ्याला डोळ्यांनी जिना दाखवला. त्याने आवाज न करता झाडू उचलला. मी कॉफीत साखर विरघळेपर्यंत, आणि नंतरही बराच वेळ, चमचा फिरवत राहिले. काका खाली उतरले तेव्हा जिना स्वच्छ होता.