खोलीचा घाम

थंड खोल्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. मी तोंडाचा फटकळ. दार सताड उघडं टाकून गप्पा हाणणारा मालक दिसला, की तो कितीही मोठा असो, मी त्याला तिथल्या तिथे सुनावतो. पुलगावात माझ्या घरापासून स्टँडपर्यंत कुणालाही विचारा, हेच सांगतील. एकदाच मी बोलायचं तिथे गप्प बसलो, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही.

केळझरच्या अलीकडच्या एका गावात भाजी पिकवणाऱ्या काही घरांनी मिळून एक थंड खोली उभारली होती. कोबी, फुलकोबी, सांभार (म्हणजे तुमची कोथिंबीर) असा माल तिच्यात राहायचा. खोलीची किल्ली एका काकूंकडे असे. साठीला टेकलेल्या, नवरा केव्हाच गेलेला. सारा जन्म लोकांच्या वावरात वाकून भाजी तोडण्यात गेला होता. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, तेवढ्यात ही खुर्ची मिळाली. ती किल्ली काकू पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत. सकाळ-संध्याकाळ दारावरचा तापमानाचा आकडा वहीत उतरवायचा, माल आत-बाहेर करायचा, एवढंच काम; पण त्या खुर्चीवर त्या ज्या थाटात बसत, ते पाहून मला बरं वाटे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे नेहमीच्या तपासणीला गेलो. घराच्या दाराला बांधतात तसं काकूंनी खोलीच्या दारालाही आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. दोरी चौकटीच्या आतून घेतलेली, दाराच्या रबराला अगदी चिकटून. हे दार म्हणजे घराचं दार नव्हे. त्याचं रबर चौकटीवर सगळीकडून घट्ट बसलं पाहिजे, सुतळीएवढी जागाही चालत नाही. मला ते दिसलं. पण काकू चहाचा कप घेऊन समोर उभ्या होत्या. "कसं दिसते, भाऊ?" त्यांनी विचारलं. सणाचं तोरण काढा म्हणून एखाद्या बाईला कसं सांगायचं? "झकास," मी म्हणालो, आणि चहा प्यायलो.

आठवड्याभराने त्यांचा फोन आला. "भाऊ, खोलीले ताप आला. आकडा दहावर गेला."

मला ते बोलणं भारी आवडलं. मीही डॉक्टरच्या तोऱ्यात सांगितलं, की आतल्या पंख्यामागे बर्फ धरला असेल, एक तास यंत्र बंद ठेवा, वितळला की ताप आपोआप उतरेल. बर्फ कशाने धरला, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं.

दुसऱ्या दिवशी मी तळेगावला एका संत्रेवाल्याच्या गोदामात स्टुलावर चढलेला, पेचकस दातात धरलेला. पुन्हा फोन. काकूंचा आवाज खुशीत.

"भाऊ, खोलीले घाम सुटला! वरून टपटप थेंब पडून राह्यले. अन् आकडा पन चारवर आला."

"मंग उतरला न ताप, काकू," मी म्हणालो. आम्ही दोघेही हसलो. "फडक्याने पुसून घ्या," एवढं सांगून मी फोन ठेवला.

आपल्याकडे तापाने फणफणलेल्या माणसाला घाम सुटला, की घरातले निश्चिंत होतात. कपाळ पुसतात, पेज करायला घेतात. काकूंनी तेच केलं. खोली बरी होतेय, असं त्यांना मनापासून वाटलं. पण खोलीचा घाम आतून येत नाही. बाहेरची दमट हवा कुठल्या तरी फटीतून आत शिरते आणि गार छताला लागून तिचं पाणी होतं. भाद्रपदातली हवा तर पिळली तरी पाणी निघेल अशी. खोलीला घाम म्हणजे आजार सुरू झाल्याची खूण. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या दिवशी मी एका शब्दावर हुरळून गेलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. फुलकोबीचं कॅरेट घेऊन बाहेर येताना काकू उंबऱ्याशी साचलेल्या पाण्यावरून घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. वर्ध्याला दवाखान्यात नेलं होतं.

मी दवाखान्यात गेलो नाही. छाती झाली नाही. सरळ खोलीवर गेलो. वर्तमानपत्राची पट्टी दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. रबर नीट बसलं असेल तर कागद फाटतो, पण निघत नाही. वरच्या बाजूला तो अलगद हातात आला. तोरणाची पानं वाळून कधीच गळून गेली होती. दोरी तेवढी होती, रबरात रुतून बसलेली, आणि तिच्या दाबाने रबराला कायमची खाच पडली होती. आतला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा ये-जा करताना डोक्याला लागतो म्हणून कुणीतरी गुंडाळून बांधून ठेवला होता. मी दोरी काढली, रबर बदललं, पडदा सोडला, छत कोरडं केलं. अर्ध्या दिवसाचं काम. संध्याकाळपर्यंत खोली खडखडीत कोरडी झाली. तिथेच कॅरेटवर बसून मी स्वतःला शिव्या घातल्या.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. जाताना वाटेत खोलीवर डोकावलो. खुर्चीवर दुसरी बाई बसली होती, किल्ली तिच्या हातात. काकूंचा पाय पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिनेच सांगितलं. खोली उभारणाऱ्या घरांनी काम तिला कायमचं दिलं होतं. "काकूले अजून सांगतलं नाई," ती हळूच म्हणाली.

काकू खाटेवर पडून होत्या. फार वाळल्या होत्या. मी बळ एकवटून म्हणालो, "काकू, ते तोरणामुळं झालं सारं."

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पोळा झाल्यावर दार दाबून लावा लागे. काढनारच होती दोरी. पन तुमी झकास म्हटलं होतं न, मंग राहू देली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "आता घाम येते का खोलीले?"

"नाई, काकू."

"मंग बरी झाली ते." बोलता बोलता त्यांचा हात पदराच्या टोकाशी गेला. तिथे गाठ नव्हती. "मी उठली का चाबी मलेच देतीन ना, भाऊ? तुमी सांगसान त्यायले. तुमचं आयकतेत."

मी, तोंडाचा फटकळ माणूस, खाली मान घालून बसलो होतो. मग वर न पाहताच म्हणालो, "हो काकू, सांगतो."