शेवटच्या गोळ्याची भाकरी

माझ्या वडिलांनी, मच्छिंद्र अण्णांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा भाकरी थापायला घेतली. त्याआधी स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध पाणी पिण्यापुरता होता. चौतीस वर्षं ते भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते. लोखंडाचा तुकडा बोटांत धरून 'एक सूत जास्ती आहे' म्हणायचे आणि मोजून पाहिलं तर तसंच निघायचं. पण घरी चहाचं आधण ठेवायचं तरी आईला हाक मारत.

आई मार्गशीर्षात गेली. तिचं नाव बायडाबाई. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत सगळं संपलं. मी वारज्याला राहते, अण्णा कर्वेनगरात, जुन्या गावठाणातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. तेरावं झाल्यावर मी त्यांना डबा लावून दिला. चार दिवसांत त्यांनी तो बंद केला.

"ही भाकरी नाही, पॅकिंग आहे," एवढंच म्हणाले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. आईच्या हातची ज्वारीची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुसरी कुठली चालणं अवघड. ती फुगली की आई वरचा पापुद्रा सोलून त्यात तेल-तिखट घालायची आणि मला शाळेत जाता जाता उभ्यानेच खायला द्यायची. अण्णांना ती कुस्करून, वर पिठल्याची वाटी उपडी करून लागायची. आई डाव्या हाताने थापायची. जेवायला, लिहायला उजवा, पण भाकरीला डावा. आणि तिचा एक नियम होता. परातीत शेवटचा गोळा उरला की आम्ही बाहेर. "तवा तापलाय, उठा बघू," म्हणायची. आम्ही उठायचो. मग सगळं आवरून ती कापडी पिशवी घेऊन राजाराम पुलापलीकडे कोथिंबीर आणायला जायची. रोज. कधीकधी कोथिंबिरीशिवायच परत यायची.

अण्णांनी पौषात सुरुवात केली. पीठ, गरम पाणी, परात, सगळं लेथपुढे काम मांडावं तसं मांडून बसले. गोळा फाटायचा, थापलेली भाकरी परातीला चिकटायची, उचलायला गेलं की हातात तुकडे यायचे. रोज संध्याकाळी फोनवर मला अहवाल द्यायचे. "ऐक अपेक्षा, आज तीन तुकडे. काल पाच होते." मी म्हणायचे, "अण्णा, इकडे या राहायला." ते म्हणायचे, "तुझ्या पोळ्या खायला?"

फाल्गुनातल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, मी जिना चढत होते आणि वरून आवाज आला.

आईच्या थापण्याला ठेका असायचा. दोन हलके, एक जड. मग परात फरशीवर जराशी फिरायची, घासल्याचा आवाज यायचा, आणि परत दोन हलके, एक जड. मी पहिल्या मजल्यावरच थांबले. आई गेलेली आहे हे मला पक्कं माहीत होतं. तिला मीच शेवटची आंघोळ घातली होती. तरी मनात पहिला विचार आला तो असा, की आज हिला उशीर झाला.

दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा जमिनीवर परात घेऊन बसले होते. नजर खिडकीबाहेर. आणि त्यांचा डावा हात भाकरी थापत होता. ज्या हाताने त्यांना साधी शर्टाची गुंडी लावता येत नाही, तो हात. भाकरी गोल, पातळ, कडेला एकही चीर नाही.

"अण्णा, डाव्या हाताने?"

त्यांनी खाली पाहिलं. त्याच क्षणी हात अडखळला आणि भाकरी मधोमध फाटली.

"बघितलं की जमत नाही," ते म्हणाले. "आठ-दहा दिवस झाले. दुसरीकडे बघत बसायचं. होतात."

त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. चार भाकऱ्या झाल्या. परातीत शेवटचा, लिंबाएवढा गोळा उरला. हाताने तो उचलला, तळहाताएवढी भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि उतरवल्यावर तिच्यावर तीन बोटं दाबली. तीन खळगे पडले. तेवढ्यात अण्णांच्या तोंडून हळूच शब्द आले.

"थांब गं ठकू. झालंच."

आवाज त्यांचाच होता. पण अण्णा कुणाला 'गं' म्हणत नाहीत. मला लहानपणापासून 'अरे' म्हणतात.

"ठकू कोण?" मी विचारलं.

"कोण ठकू?" त्यांनी मलाच विचारलं.

मग उठून त्यांनी फळीवरचा स्टीलचा डबा काढला. आत तशाच नऊ लहान भाकऱ्या होत्या. ही दहावी. "रोज होते. टाकवत नाही. खाववत पण नाही." त्यांनी एक भाकरी माझ्यासमोर धरली आणि आपली बोटं त्या खळग्यांवर ठेवली. बसेनात. अण्णांची बोटं जाड, खळगे अरुंद. "माझ्याच हाताने झाले, आत्ता तुझ्यासमोर," ते म्हणाले. "पण माप माझं नाही."

माप कुणाचं ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ठकू कोण, ते मात्र कळत नव्हतं. आईच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं होतं, तिची धाकटी बहीण जयामावशी, लोणी काळभोरला. त्याच दुपारी आम्ही तो डबा घेऊन तिच्याकडे गेलो.

मावशीचं घर सोलापूर रस्त्यापासून आत, मागे कालवा. तिने पाणी दिलं, सुपारी पुढे केली. मी डबा उघडला. मावशीने आत पाहिलं आणि बसल्या जागेवरून मागे सरकली.

"कुणी केल्या ह्या?"

"अण्णांनी."

"दाजींनी?" ती अण्णांकडे बघतच राहिली. "दाजी, तुमाला बायडीनं सांगितलं व्हतं?"

"मला कुणी काही सांगितलं नाही," अण्णा म्हणाले. "तू सांग."

मावशीने पुढचं दार ओढून घेतलं. भर दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी ओढून घेतलं.

"बहात्तरचा दुष्काळ. आई-दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडाया जायचे. बायडी धा वर्सांची, घर तिच्यावर. मी सात वर्सांची. आन् ठकू, सगळ्यांत धाकली, चार वर्सांची. रेशनची लाल मिलो जवारी मिळायची, तिच्या भाकरी नुसत्या फाटायच्या. त्या दिशी ठकू भूक भूक करत परातीपाशी बसली. बायडीला भाकरी जमंना, ती कावली. म्हणली, शेवटच्या गोळ्याची तुझी. तीन बोटं दाबून देते, त्यात तेल घालू. तवर भायेर थांब." मावशी थांबली. "भाकर झाली. बायडीनं हाक मारली. ठकू काय आली न्हाई. ह्याच कालव्याला त्या दिशी पाणी सोडलं व्हतं."

मावशीने डब्याचं झाकण लावलं.

"आई-दादांनी ठकूचं नाव घेणं बंद केलं. बायडीनं मला शपथ घातली, सासरी कुणाला बोलायचं न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, आई शेवटच्या गोळ्याला आम्हाला बाहेर काढायची."

"मला ठावं हाय," मावशी म्हणाली. "मी त्या भाकरी बघितल्यात."

"कुठे?"

"हितं. मागं कालव्याच्या मोरीपाशी धुणं धुताना. वीस-पंचवीस वर्सं बघते. कालव्याला पाणी असलं की भाकर वाहत येती. एवढीशी, तीन बोटांची. आता मला सांग, पाण्यात पडलेली भाकर किती येळ टिकंल? लगदा व्हतो. आन् ह्या कोरड्या. तव्यावरनं काढल्यासारख्या. मी तोंड फिरवायची आन् जाऊ द्यायची."

राजाराम पुलापलीकडे, सिंहगड रस्त्याच्या मागून जो कालवा जातो, तोच पुढे हडपसरवरून लोणीला येतो. मला आईची ती कोथिंबिरीची कापडी पिशवी आठवली. अण्णांना पण आठवली असावी. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"बायडी गेली आन् भाकर बंद झाली," मावशी म्हणाली. "तवापास्नं मी धुण्याला बसले की मागनं कोन तरी पदर ओढतं. वळून बघावं तर कुणी न्हाई. भुकेलं पोर कसं ओढतं, तसं. जोरात न्हाई. पण सोडत न्हाई." तिने बोलता बोलता स्वतःचा पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. "तिला थांब म्हणून सांगितलंय ना. ती थांबलीया."

अण्णांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "पीठ आहे का जया?"

ते मावशीच्या स्वयंपाकघरात बसले. या वेळी खिडकीकडे बघितलं नाही. परातीत डोळे घालून, उजव्या हाताने पीठ मळलं. पहिलाच गोळा लहान घेतला. मी म्हटलं, "अण्णा, असं नाही जमणार. तिकडे बघा ना."

"नको. तिच्या हाताने केली की शेवटचीच होणार," ते म्हणाले. "पोरीला थांबवलं, तिथं चुकलं."

भाकरी वेडीवाकडी झाली. कडा फाटल्या, एका बाजूला जास्त भाजली. त्यांनी आपली जाड बोटं दाबली, खळग्यांत तेल आणि मीठ घातलं, आणि ती तशी गरम गरम तळहातावर घेऊन निघाले. आम्ही दोघी मागे.

मोरीपाशी ऊन मी म्हणत होतं. कालवा भरून चालला होता. अण्णांनी मला डब्यातल्या भाकऱ्या आधी सोडायला सांगितल्या. मी एकेक सोडली. दहाही तरंगल्या. पाणी त्यांच्यावरून जात होतं आणि त्या भिजत नव्हत्या. मोरीच्या तोंडाशी जाऊन एका ओळीत थांबल्या, पाणी पुढे जात असताना. मावशी माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तिचा पदर मागच्या बाजूला ताणलेला होता. वारा अजिबात नव्हता. मागे बघायचं धाडस मला झालं नाही.

अण्णा पायरीवर उकिडवे बसले.

"ठकू, ही पहिली," ते म्हणाले. "तुझीच. आता थांबू नको."

भाकरी पाण्यावर ठेवली. ती भिजली, मऊ पडली, तेलाचा एक गोल तवंग पसरला, आणि भाकरी विरघळून गेली. कुठलीही भाकरी विरघळते तशी. मी मोरीकडे पाहिलं तर तिथे दहा भाकऱ्यांचा पांढरा लगदा फिरत होता, आणि तोही बघता बघता आत गेला.

मावशीचा पदर खाली पडला. ती मटकन पायरीवर बसली आणि रडली. बावन्न वर्षांचं रडणं होतं, ते लवकर संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. "हात गेला," म्हणाले.

मी ऑफिसला न जाता तिकडे गेले. ते परातीपुढे बसले होते, नजर खिडकीबाहेर, डावा हात पिठात. नुसता पडलेला. त्यांनी तो हलवून दाखवला. वेडेवाकडे फटके पडले, गोळा एका बाजूला गेला. दोन हलके आणि एक जड, यातलं काही नव्हतं. मला आईचं जाणं कळलं ते मार्गशीर्षात नाही, त्या सकाळी.

"तुम्हाला माहीत होतं असं होणार?" मी विचारलं.

"वाटलं होतं."

"मग कशाला केलंत, अण्णा?"

त्यांनी हात धुतले, कोरडे केले.

"पोर उपाशी होतं, अपेक्षा. माझं काय, मी शिकेन."

त्याला आता तीन महिने होतील. मावशी रोज मोरीपाशी धुणं धुते, तिला कुणी ओढत नाही. माझी मुलगी शेफाली शनिवारी आजोबांकडे राहायला जाते. अण्णा उजव्या हाताने, चष्मा लावून, भाकरीकडे डोळे वटारून भाकरी करतात. परवा मी एक खाल्ली. आईची आठवण यावी म्हणून डोळे मिटून खाल्ली, पण आली नाही. जाड, कडेला फाटलेली, स्वभावाने अण्णांसारखी भाकरी होती ती.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं.

"मधे कच्ची आहे."

"मग उद्या ये," ते म्हणाले आणि पुढचा गोळा घेतला.